उंदीर बरे झाले

झकीयाने नवऱ्याच्या हातातला पेला हिसकावला आणि डाळिंबाचा रस मोरीत ओतून दिला.

"डॉक्टरांचा फोन होता. तुमच्या रक्तात पोटॅशियम भलतंच वाढलंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात आणा म्हणाले, नाहीतर हृदय बंद पडेल. शेजारचा लोत्फी गाडी काढतोय."

अम्मार बावचळून मोरीकडे बघत राहिला. गाबेसच्या बागेत त्याने स्वतः वाढवलेल्या झाडाचं डाळिंब होतं ते. ईदपासून रोज हा रस घेत होता. पायांची सूज उतरलीये असं त्याला वाटायलाही लागलं होतं.

तेवढ्यात भाची आली, सिहेम. विद्यापीठातल्या प्रयोगासाठी डाळिंबाच्या साली न्यायला रिकामी पिशवी घेऊन.

"ही आली बघा हकीमीण!" झकीया कडाडली. "हिच्यामुळे झालं सगळं."

"मामी, रस प्यायला मी कधी सांगितलं?"

"अगं, तूच नाही का म्हणालीस," अम्मार म्हणाला, "साखरेने किडनीला आतून गंज चढतो, अन् डाळिंब तो उतरवतं? तुझ्या प्रयोगातले साखरेच्या आजाराचे उंदीर बरे झाले म्हणून?"

"झाले ना. खोटं नाही ते. पण त्यांना सालींचा अर्क दिला होता, मोजून. तोही आजार नुकता लागला तेव्हा. तुझी किडनी थकलीये, मामा. रसातलं पोटॅशियम तिला बाहेर टाकता येत नाही. साठत जातं."

"म्हणजे गंज उतरवणारंच मला मारणार?"

"तसं नाही." सिहेम अडखळली. "म्हणजे... तसंही आहे."

"बाग माझी, झाड माझं. अन् चालतं कुणाला, तर उंदरांना!"

"त्यांनी डॉक्टरचं ऐकलं असेल," झकीया म्हणाली आणि त्याची औषधं पिशवीत कोंबू लागली.

अम्मारला काहीच उमजेना. भाची खोटं बोलणारी नव्हती. डॉक्टरही खोटं बोलणारा नव्हता. झाडावर संशय घ्यायचा, तर जन्मभर त्याच्याच जिवावर घर चाललं होतं.

बाहेर लोत्फीने हॉर्न वाजवला. सिहेमने खाली बसून मामाच्या पायात बूट चढवून पाहिला. सुजलेला पाय आत जाईना. सूज कुठे उतरली होती? तिने सपाता पुढे सरकवल्या.

"सिहेम, ते उंदीर आता कुठे आहेत?"

तिने मान वर केली नाही.

"किडनी आतून सुधारली का, ते बघायला... कापावं लागतं, मामा."

अम्मार तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. दारापर्यंत गेला, थांबला.

"आपण बरे झालोय, एवढं तरी कळलं होतं का गं त्यांना?"