ब्रेक उत्तम

वर्कशॉपकडे उतरणाऱ्या रॅम्पच्या माथ्यावर बाईंनी आपली कॉम्पॅक्ट एसयूव्ही थांबवली, हँडब्रेक करकचून ओढला आणि त्या शांतपणे बाहेर आल्या. रॅम्पच्या पायथ्याशी, अगदी नाकासमोर, सर्व्हिस मॅनेजरची काचेची केबिन होती. तिच्यातून तो तणतणत वर आला.

"मॅडम, सगळी वाट अडवलीत! गाडी खाली घ्या ना."

"उतारावर ब्रेकचं पेडल पार तळाला जातं. चौथ्यांदा सांगतेय. मागच्या सीटवर माझी दोन पोरं असतात हो."

"आणि आम्ही तीनदा तपासलंय. तिन्ही वेळा लिहून दिलंय, ब्रेक उत्तम. राग मानू नका, पण लेडीजचा पाय जरा हलकाच पडतो."

बाईंनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि चालकाच्या बाजूचे दार अदबीने उघडून धरले.

"तुमचा पाय भारी आहे ना? मग तुम्हीच घ्या खाली."

मॅनेजरने उतार पाहिला. उताराच्या टोकाला काचेआड मान खाली घालून काम करणारी आपली माणसे पाहिली. किल्ली अंगठ्याने चाचपत तो खाली तोंड करून ओरडला, "क्रेन मागवा रे! आणि तोवर हिच्यात कोणीही बसायचं नाही!"

बाईंनी पर्समधून पेन काढून त्याच्यापुढे धरले.

"आता हेच लिहून द्या."