पत्र्यावरचं पाणी

मोटारीच्या बॉनेटवर पडलेला तांबडा थेंब विद्याधरने बोटाने उचलला आणि कुणी बघत नाही असं पाहून जिभेला लावला. मग त्याने बायजाला छपरावरून खाली बोलावलं.

ती शिडीवरून उतरली. डोक्यावर चुंबळ, काखेत रिकामी घागर, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. बोलावणं कशाला आलं ते आपल्याला ठाऊक आहे असंच तिला वाटलं. उशीर झाला असेल. उन्हाळाभर तिने दुसरं काय ऐकलं होतं?

होळीपासून ती हेच करत होती. विद्याधरच्या मोटारींच्या दुकानावर जुने पत्रे होते, लढाई संपल्यावर लष्कराने विकायला काढलेले. वैशाखात त्यांच्याखाली माणूस नुसता भाजून निघायचा. गिऱ्हाईक दारातूनच मोटार बघून परत जायचं. म्हणून पत्र्यांवर गोणपाटं अंथरली होती, आणि ती ओली ठेवायला बायजा होती. घागर भरायची, शिडी चढायची, ओतायची, उतरायची. पार टोकाचं गोणपाट भिजवून मागे वळावं, तर पहिलं वाळून कडक झालेलं असायचं. माणसाने दमावं तरी किती!

"पाणी कुठलं आणतेस?" विद्याधरने विचारलं.

"पाटाचा."

"कुठल्या पाटाचं?"

तिने हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं. तिकडे शेताच्या कडेने खाडीचं पाणी मिठागरात जात होतं.

विद्याधर मोटारीच्या पायरीवर बसला. दुकानाच्या पाठीमागेच त्याची केळीची वाडी होती, आणि वाडीत बावखल. बापजाद्यांनी खणलेलं ते तळं भर उन्हाळ्यातही गोड्या पाण्याने भरलेलं असायचं.

"बावखल पाठीशी सोडून तू खाडीचं पाणी आणतेस? होळीपासून?"

"हां."

"आणि मी तुला उशीर का होतो म्हणून ओरडतोय."

बायजाने मान डोलावली. तो ओरडत होता हे खरंच होतं.

"वर बघ," तो म्हणाला.

तिने पाहिलं. पत्र्यांना जिथे जिथे खिळे होते तिथे तिथे मिठाने लोखंड खाल्लं होतं, आणि भोकांतून ऊन खाली येत होतं. त्याच भोकांतून गंजाचं पाणी नव्या मोटारीवर ठिबकत होतं. मोटार सायीच्या रंगाची होती. संध्याकाळी विरारचे डॉक्टर ती बघायला यायचे होते.

"मी तुला पाणी घाल म्हटलं होतं ना?"

"घातला की."

"गोडं पाणी, बायजा."

"गोडं पानी?" तिने विचारलं. "पत्र्यावर?"

ताटातला भात उकिरड्यावर टाक म्हणावं, तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या खाडीकाठच्या पाड्यात गोड्या पाण्याची एकच विहीर होती, तीही शिवेबाहेर. भांडी खाऱ्या पाण्यात, अंघोळ खाऱ्या पाण्यात. लग्नानंतर एकदा तिने तांब्याभर गोड्या पाण्याने पाय धुतले, तेव्हा सासूने तिच्या थोबाडीत मारली होती. मार बरोबरच होता असं बायजाला आजही वाटत होतं.

विद्याधरने कपाळ पुसलं. रागवायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "जाऊ दे. पत्रे काशीराम सुताराला सांगून बदलून घेतो. तू आतापासून बावखलाचं घे. चार पावलांवर आहे, तुझेही हाल कमी होतील."

काम टिकलं. बायजाच्या जिवात जीव आला. हे गेलं असतं तर पेरणीपर्यंत पुन्हा मिठागरच होतं, आणि गेल्या साली मीठ ओढून तळपायांना पडलेल्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. "बरा," ती म्हणाली आणि लगेच वाडीत गेली.

बावखलाच्या काठाशी सावली होती. घागर पटकन भरली. ती शिडी चढून पत्र्यावर आली आणि पहिल्या गोणपाटापाशी उभी राहिली. तिने घागर कलती केली. ओंजळभर पाणी सांडलं, चर्र झालं, आणि वाफसुद्धा दिसली नाही. तिने घागर सरळ केली.

पुन्हा कलती करायचा प्रयत्न तिने केला, नाही असं नाही. तळपाय चटचट भाजत होते. पण हात वळेना.

"ओत की गं," खालून विद्याधरची हाक आली.

भरली घागर घेऊन शिडी उतरणं अवघड. बायजा एकेका पायरीवर थांबत उतरली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मना नाय जमाचा, शेट."

"अगं, तळं भरलंय. तुझ्या घागरींनी ते आटणार आहे का?"

"नाय आटनार."

"मग?"

बायजाने घागर काखेत सावरली. आपल्याला रडू येतंय हे तिला कळलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"मग काय, मिठागरावर जाशील? त्या पायांनी?"

"जाईन."

विद्याधर उठला, खिशातून रुमाल काढला आणि बॉनेटवरचा डाग पुसायला लागला. डाग नुसताच पसरला.

"बरं. तुझी मर्जी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "घागर तेवढी ठेवून जा. दुकानाची आहे."

बायजाने चुंबळ नीट केली आणि घागर डोक्यावर घेतली.

"उद्या आनून देतंय," ती म्हणाली. "आज भरलेली हाय."