सरकारविरोधी कविता

“हिला कुणी बोलवलं? तिकडं भात गार व्हायलाय,” मागच्या रांगेत कुणीतरी कुरकुरलं.

बेळगावजवळच्या आमच्या गावचं साहित्य संमेलन. तोवरच्या कवींनी सरकारला यथेच्छ झोडपलं होतं, मंडपानं टाळ्या पिटल्या होत्या आणि पुढं बसलेल्या साध्या वेशातल्या पोलिसानं ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. तो दरवर्षी येतो. चहा आधी त्यालाच देतात.

मग भीमनगरची सुविधा उभी राहिली. तिची कविता आईच्या तिरडीवर होती. गावातल्या रस्त्यानं नेऊ दिली नाही म्हणून भर पावसात शेतातल्या चिखलातून न्यावी लागलेली तिरडी. रस्ता अडवणारे समोरच खुर्च्यांवर होते. ते मंडपाचे बांबू न्याहाळू लागले.

“आक्का, आवरतं घे. जेवणं खोळंबल्यात,” स्वागताध्यक्ष भरमाण्णा गोड आवाजात म्हणाले.

“आईबी चिखलात खोळंबलती, अण्णा,” असं म्हणून तिनं पुढचं कडवं घेतलं.

भरमाण्णा वाकत वाकत पोलिसाजवळ गेले. “साहेब, बाई सरकारच्या विरोधात बोलायलीय. थांबवा की जरा.”

पोलिसानं मोबाईल बंद करून खिशात घातला आणि आपल्या कानडी वळणाच्या मराठीत, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, “सरकारच्या विरोधातलं मघाशी झालं, अण्णा. ते घेतलंय मी. हे तुमच्या विरोधात हाय.”