संकष्टीच्या ताटात कांदा

मोबाइलवरची नजर न काढता तन्मयनं लिंबाच्या फोडीकडे हात नेला आणि कोपराच्या धक्क्यानं मिसळीची वाटी कलंडली. अर्धी तर्री, फरसाण आणि चिरलेला कांदा थेट आईच्या साबुदाण्याच्या खिचडीत. प्रमिलाबाईंना कळेपर्यंत चमचा तोंडात गेलाही होता. कांदा दाताखाली आला.

"गेला उपास," त्या म्हणाल्या.

रविवारची सकाळ. दुबईतल्या अल मनखूलच्या त्या मराठी हॉटेलात टेबल मिळायची मारामार, त्यामुळे शारजाहून लवकर निघून आलेले. पुण्याहून सासूबाई आल्यापासून वैभवीलाही संकष्टी लागली होती. तिच्यापुढेही खिचडीच होती. मिसळ एकट्या तन्मयची.

वेटर धावत आला. "माँजी, दूसरी प्लेट लाता हूँ."

"नको. बाटला तो बाटला." प्रमिलाबाई सुनेकडे वळल्या. "तुला सांगितलं होतं ना वैभवी, त्याची वाटी लांब ठेव म्हणून? लक्ष कुठं असतं गं तुझं? एवढी वर्षं झाली, घरात पाळणा हलेना. मनापासून केलं तर गणपती पावेल ना."

आता वाटी कोणी सांडली, हे शेंबडं पोरही सांगेल. पण वड्याचं तेल वांग्यावर काढायची या घरात जुनीच रीत. वैभवीनं नवऱ्याकडे पाहिलं. बोल म्हणावं, एक वाक्य बोल.

तन्मय टिश्यूनं मोबाइल पुसत होता. "खलास, आई, जाऊ दे ना. वैभू, नेक्स्ट टाइम जरा बघत जा."

वैभवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, मॅडम एकदम ठीक आहेत, ट्रीटमेंट तुम्हाला लागेल. परतताना गाडीत याचं एकच पालुपद, आईला सांगू नकोस, तिला झेपायचं नाही. त्याची लाज तिनं झाकली आणि तो साळसूद तिलाच शिकवतोय, बघत जा म्हणून.

तिनं आपली खिचडीची प्लेट त्याच्यापुढे सरकवली आणि उरलेली मिसळ स्वतःकडे ओढली. पाव मोडला, तर्रीत बुडवला, वर चांगला कांदा घेतला आणि खाल्ला.

"अगं, संकष्टी आहे आज!" प्रमिलाबाईंचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

"असू दे, आई. यापुढे उपास याला करू दे," वैभवी म्हणाली. "डॉक्टरांनी औषधंही यालाच दिलीत."

तन्मयचा चेहरा उतरला. "वैभवी, पब्लिक प्लेस आहे. घरी जाऊन बोलू."

प्रमिलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो मान वर करेना. मग त्यांनी त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"इथंच बोल," त्या म्हणाल्या. "या पोरीला मी कशासाठी उपाशी ठेवत होते, ते मलाही कळू दे."