अधिकातली ओटी

"बाई, जरा उजेडात सरका," निमकर म्हणाले.

मालनबाई उंबऱ्याला टेकून अंग चोरून बसल्या होत्या. त्या दोन बोटं सरकल्या आणि पुन्हा तिथेच थांबल्या. अंगणात तिपाईवर कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्यामागे कुडावरून डोकावणारी अर्धी गल्ली.

निमकर मुंबईहून छोटे सिनेमे काढायला आले होते. आदल्या सांजेला जवळा बाजार गावच्या मैदानात पांढरा पडदा लावून त्यांनी दोन-तीन दाखवलेही. घर हरवलेल्या लेकरांचे, मोठं होता होता माया सापडलेल्यांचे. बायका पदराने डोळे पुसत घरी गेल्या. आता तसाच एक इथला काढायचा होता. बाजारात कुणीतरी बोट दाखवलं, "सोनाजीच्या घरी जा, साहेब. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जुळलेलं नातं हाय तिथं."

घरात माणसं तीनच. म्हातारे सोनाजी, मालनबाई आणि अकरा-बारा वर्षांची सेवा. निमकरांनी पोरीला पाहिलं आणि आपल्या माणसांना हळूच बजावलं, "तिला टोचेल असं कुणी काही विचारायचं नाही."

अधिक श्रावण चालू होता. मालनबाईंचं महिनाभर एकवेळचं जेवण होतं. आज सेवा आईची ओटी भरणार होती. अधिकात लेकीनं आईची ओटी भरावी, त्याचं पुण्य दोघींना लागतं. निमकरांना तेच चित्रात हवं होतं.

सेवाने पाट मांडला. ताटात गहू, खण, नारळ, हळकुंडं ठेवली.

"आई, ये ना गं. काहून उंबऱ्यावर बसून राहिली?"

"येते. साहेबांचं होऊ दे आधी."

"साहेबाचं काय, तुह्यासाठीच थांबलेत ते."

गल्लीत हशा पिकला. सोनाजींची चुलत भावजय जनकाबाई मात्र हसली नाही. आपल्या दारात कॅमेरा लागावा म्हणून तिने सकाळीच लेकीला नवं लुगडं नेसवून ठेवलं होतं. ती कुडापाशी पुढे आली.

"सायेब, अधिकातली ओटी पोटच्या लेकीनं भरायची असती. हे नातं खडीवरचं. मुंबईत दाखवाल अन् लोक हसतील आमाला."

कॅमेरा थांबला. निमकरांनी चटकन सेवाकडे पाहिलं. पोरीचा चेहरा लालबुंद झाला होता.

मालनबाई उठल्या. त्यांनी पदर कपाळावर ओढला.

"जनकाबाईचं बराबर हाय, साहेब. त्यांच्या घरी काढा तुमी. त्यांची मायलेकीची जोडी सोन्यावानी हाय."

त्या आत वळल्या. एवढ्या वर्षांत त्यांना 'आई' म्हणणारं एकच तोंड होतं. आज साऱ्या गल्लीसमोर ते नातं खोटं ठरत होतं आणि त्या स्वतःच ते सोडून देत होत्या.

सेवाने झेप घेऊन त्यांचा हात धरला.

"कुटं चालली? बस."

"पोरी, सोड. लोक बघून राहिलेत."

"बघू दे. लोकांनाच दाखवायचंय की."

तिने त्यांना ओढत आणून पाटावर बसवलं. कपाळावरचा पदर मागे सारला, ठसठशीत कुंकू लावलं, हळद लावली. निमकरांनी खूण केली. कॅमेरा पुन्हा सुरू झाला.

ओट्यावर बसलेले सोनाजी आता बोलले. आवाज चढवला नाही.

"जनके, या घरात कोन आपलं अन् कोन परकं, हे या घरानं तवाच ठरवलंय. तू काहून तकलीफ घेतीस?"

सेवाने नारळ-खण ओटीत घातले. मग ओंजळीने गहू घालू लागली. ओंजळ लहान होती, दाणे पाटाखाली सांडत होते.

"अगं, सावकाश," कुणी बाई म्हणाली. "लक्षुमी सांडू नको."

"सांडू दे, लई हाय," सेवा म्हणाली.

जनकाबाई तशीच उभी होती. थोड्या वेळाने तिला राहवलं नाही. "पदर नीट पसर गं मालन," ती पुटपुटली, आत आली आणि तिने स्वतःच पदराचं एक टोक धरलं.

सेवा वाकली, तिने मालनबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. मालनबाईंनी तिला पोटाशी धरलं आणि त्या मोठ्याने रडल्या. सगळ्यांसमोर, तोंड न लपवता. कुडावरच्या बायकांचेही डोळे वाहत होते आणि त्या हसतही होत्या.

निमकरांनी चष्मा पुसला. सिनेमा मिळाला होता. आता फक्त पोरीच्या तोंडून दोन शब्द हवे होते. टेपवाल्याने माईक पुढे केला. निमकर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी हळुवारपणे म्हणाले,

"घाबरू नकोस, बाळ. सांगावंसं वाटलं तरच सांग. दुष्काळात तुला या घरात कुणी आणलं?"

सेवाने आधी सोनाजी आज्याकडे पाहिलं, मग निमकरांकडे, आणि फिस्सकन हसली.

"मला काहून कोन आनंल? माझा जन्मच हितला. माझी माय वारली, मग आज्या अन् मी दोघंच होतो. ही खडीच्या ढिगावर एकलीच रडत बसली होती, म्हून मीच हिला हाताला धरून घरी आनली."