चाळीस किलोंची अट

रद्दीच्या मोठ्या काट्यावर सासूबाई श्वास रोखून उभ्या होत्या. काटा हलला, डुलला आणि अडतीसवर येऊन बसला.

"अजून दोन किलो," सून म्हणाली. "आणि आई, श्वास सोडा. श्वासाला वजन नसतं."

शनिवारी दुकान बंद ठेवून तिघं डोंगरावरच्या गावाला निघणार होते, दोन दिवसांसाठी. मुलाने टेम्पो धुऊन चकाचक केला होता. मागे गादी टाकायची की नाही यावरून घरात रोज वाद झडत होता, आणि रद्दीत आलेल्या एका जुन्या नकाशावर सासूबाईंनी घाटाचं एकेक वळण बोटाने गिरवून पाठ केलं होतं. त्या गावात म्हणे घरांच्या छपरांवरसुद्धा गवत उगवतं. आणि दरीवर एक लांबच लांब दोर बांधलाय. त्याला लटकून माणूस या डोंगरावरून त्या डोंगरावर जातो, खाली नुसतं हिरवंगार रान. मुलाच्या फोनवर ते बघितल्यापासून सासूबाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. उभा जन्म भंगाराच्या दुकानात गेलेला. तिथे हिरवं म्हणजे काय, तर बाटल्यांची काच.

अट एकच होती. माणूस निदान चाळीस किलोंचा हवा. त्याहून हलका असला तर दोरावर अर्ध्यातच थांबतो. आणि सासूबाईंना सगळा बाजार काडीपैलवान म्हणायचा.

त्यांनी मन लावून खाल्लं. केळी, लोणी, सुनेच्या वाटणीचं दूध. अंगी काही म्हणता काही लागलं नाही.

"हिचं खाल्लेलं जातं कुठे?" मुलगा म्हणायचा. त्याचं स्वतःचं वजन क्विंटलला टेकलं होतं. "माझ्याच अंगाला लागत असणार."

सुनेचा तर प्रश्नच नव्हता. तिने खाली थांबून पिशव्या सांभाळायच्या हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. वरच्या थप्पीवरचा गठ्ठा काढायलाही ती नवऱ्याला हाक मारायची; शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तिचे पाय लटपटायचे. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं. पिशव्या कुणीतरी सांभाळायलाच हव्यात.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई सहलीसाठी घेतलेला नवा स्वेटर घालून काट्यावर चढल्या. काटा थेट एक्केचाळीसवर गेला.

"वा," मुलगा हरखला. "एका रात्रीत तीन किलो. थांब, आत्ताच फोन करून तुझं नाव घालतो."

सुनेचं लक्ष काट्याकडे नव्हतं. ती या घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिला धंद्याचा पहिला धडा दिला होता: गठ्ठ्याकडे बघू नको, आणणाऱ्याच्या चालीकडे बघ. रद्दी ओली करून आणणारे, गठ्ठ्याच्या पोटात दगड घालणारे, सगळे जपून चालतात. आणि आज आतल्या खोलीतून काट्यापर्यंत सासूबाई अशा आल्या होत्या, जशी काही डोक्यावर भरली घागर आहे. सुनेने वजनं ठेवायच्या फळीकडे पाहिलं. एक किलोचं आणि दोन किलोंचं, दोन्ही वजनं जागेवर नव्हती.

"आई, खिसे."

सासूबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग छताकडे. मग दोन्ही वजनं काढून खाली ठेवली. चोरी पकडली गेली याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट सून चांगली तयार झाली, याचा थोडा अभिमानच दिसला.

"आणि दोरावर मध्येच अडकला असतात म्हणजे?"

"अडकले असते तर अडकले असते. तेवढंच जास्त वेळ बघायला मिळालं असतं." मग त्यांचा आवाज उतरला. "दर वर्षी मी कमीच भरतेय गं. पुढच्या वर्षी छत्तीस भरेन."

सुनेने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि त्या दोरवाल्याला स्वतःच लावला. पलीकडे वारा घोंघावत होता. तो नुसता ऐकूनच तिने दाराची चौकट धरली.

"दोघांना एकदम जाता येतं का हो? ... बरं. मिळून किती चालतं?"

तिने फोन ठेवला.

"जोडीने जाता येतं म्हणाला. पण दोघांचं मिळून शंभरच्या आत हवं."

मुलाने आपल्या पोटाकडे पाहिलं. "म्हणजे मी बाद."

"तुम्ही बाद."

सुनेकडे मात्र दोघांनीही बघितलं नाही, तेही अगदी ठरवून.

सुनेने चपला काढल्या आणि ती काट्यावर सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. काट्याची फळी हलली तशी तिने त्यांचा दंड घट्ट धरला. काटा झोके खात खात त्र्याण्णववर थांबला.

"आणि पिशव्या?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही सांभाळा."

सासूबाईंनी तिचा थंडगार हात आपल्या हातात घेतला. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता, पण बोलल्या मात्र हळूच. "तू आपली डोळे मिटून घे. काय काय दिसतंय ते मी सांगत जाईन."

जमिनीपासून वीतभर उंचीवर, काट्यावर उभ्या उभ्याच, सुनेने डोळे मिटले.

"सांगा," ती म्हणाली.