अंगणातले गट्टू

माझी बायको रुखमिणी गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवशी गल्लीत गुडघाभर पाणी होतं. ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावरच थांबली. गल्लीतल्या पोरांनी तिला उचलून आणलं आणि आमच्या अंगणात ठेवलं, कारण तेवढ्याच जागेत पाणी साचलं नव्हतं.

बाकी सगळ्यांच्या अंगणात मातीवर सिमेंटचे गट्टू, फरशीसारखे ठोकळे, बसवलेले होते. रुखमिणीनं माती ठेवली आणि शोषखड्डा खणून त्यात गिट्टी भरली. बाया हसायच्या, “काकी, सडा कवापर्यंत टाकता?” ती म्हणायची, “पान्याले जिराले जागा नाही ठेवली तं थे घरात येईन, बाई.”

कारध्याला नदीत अस्थी शिरवून मी परतलो, तर शेजारचा विक्की आमचं अंगण झाडत होता. सगळीकडं नवे गट्टू बसले होते.

“काकाजी, काकीची तेरवी चिखलात कायले? गल्लीनं मिळून बसवले. खड्डा बी बुजवला, कोनी पडलं असतं.”

मी मान हलवली.

तेरवीची पंगत अंगणात बसली आणि पाऊस आला. लोक पत्रावळी हातात घेऊन उभे राहिले. घोटाभर पाण्यात उभं राहून सगळे रुखमिणीचंच कौतुक करत होते.


गट्टू काढायचे राहिले आहेत.